नाव नसलेले बारीक स्वर

१

नकला करण्याचं काम मला माझ्या नवऱ्याने, ओथमारने शिकवलं. रचनाकार मोठ्या वहीत सगळ्या वाद्यांचं एकाखाली एक लिहितो. त्यातून प्रत्येक वादकाचा भाग वेगळा उतरवून काढायचा, म्हणजे व्हायोलिनवाल्यासमोर व्हायोलिनचंच पान आणि बासरीवाल्यासमोर बासरीचंच. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. पाच रेघांवरचा ठिपका बघायचा आणि तिथेच ठिपका ठेवायचा. शाळेत होते तेव्हापासून माझं अक्षर चांगलं आहे, एवढंच माझं भांडवल.

नियम थोडेच. आपलं डोकं चालवायचं नाही. रचनाकाराची चूक दिसली तरी चुकीसकट उतरवायची. पान उलटायची जागा अशी धरायची की वादकाचा हात तेव्हा मोकळा असेल. आणि ज्याला बराच वेळ गप्प बसायचं असतं त्याच्यासाठी बारीक स्वर लिहायचे.

बारीक स्वर म्हणजे इशारा. ओथमार नाटकगृहाच्या वाद्यवृंदात दुसरा हॉर्न वाजवतो, शिंगासारखं फुंकायचं पितळी वाद्य. दुसऱ्या हॉर्नचं आयुष्य गप्प बसण्यात जातं. साठ खण, म्हणजे पानावरच्या उभ्या रेघांमधली साठ घरं, गप्प, मग दोन फुंकरी, पुन्हा चाळीस खण गप्प. मोजता मोजता माणूस चुकतो. म्हणून त्याच्या प्रवेशाच्या जरा आधी, शेजारचं वाद्य काय वाजवत असेल ते त्याच्या पानावर बारीक ठिपक्यांनी लिहून ठेवतात आणि वर त्या वाद्याचं नाव घालतात. ते ऐकू आलं की समजायचं, आता आपण. ते वाजवायचं नसतं, फक्त ऐकायचं असतं. म्हणूनच नकला तपासताना मोठे स्वर तीनतीनदा वाचतात, बारीक स्वरांकडे कुणी ढुंकून बघत नाही.

अठराशे सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात पुढच्या अंगाची खोली हेर नेस यांनी भाड्याने घेतली; आमच्याकडे पुरुषाच्या नावाआधी हेर लावतात, बाईच्या फ्राउ. हाल्वोर नेस, लांब उत्तरेकडच्या देशातला रचनाकार. एकोणीस वर्षं परमुलखात. आधी लाइपझिग, मग अॅमस्टरडॅम, प्राग, बुडापेस्ट, आणि आता आमचं व्हिएन्ना. शिकवत कुणालाच नव्हता, तरी आल्या दिवसापासून सगळे त्याला हेर प्रोफेसर म्हणायला लागले. आमच्याकडे चष्मा असला की तेवढं पुरतं.

त्याची खोली आणि आमचं स्वयंपाकघर यांत एकच भिंत. लिहिताना तो तोंड मिटून गुणगुणायचा. तेच तीन सूर, दोन खाली उतरणारे आणि एक वर जाणारा, आणि शेवटी घसा खाकरणं. दिवसभर. ओथमारने एकदा वैतागून ते तीन सूर खाकरण्यासकट वर्तमानपत्राच्या कडेला लिहिले आणि कात्रण चुलीवर टांगलं. म्हणाला, "हे बघ बुर्गी, प्रोफेसरांची समग्र रचना."

आम्ही हसलो. टोपलीत आमची श्टेफी होती, सात महिन्यांची. तीही हसली, खिदळत, हिरड्या दाखवत. ते हसणं मला अजून आठवतं, कारण मग ते गेलं.

२

त्याच्या नव्या रचनेच्या नकलांचं काम मला मिळालं. कार्यक्रम वसंतातल्या एका रविवारी दुपारी ठरला होता, वाजवायला ओथमारचाच वाद्यवृंद, संचालन स्वतः हेर नेस करणार. त्रेचाळीस भाग काढायचे होते. तो वहीची पानं जशी संपतील तशी आणून द्यायचा.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या हॉर्नचा भाग उतरवताना मी थांबले. साठ खण गप्प आणि मग बारीक स्वर, पण वर नाव नाही. मी मोठ्या वहीत शोधलं. नाव नसलं तरी निदान ते स्वर कुठल्यातरी वाद्याच्या ओळीत सापडायला हवेत. बासरी पाहिली, ओबो पाहिला, व्हायोलिनं पाहिली, ढोलसुद्धा पाहिला. कुठेच नव्हते. जे कुणीच वाजवत नाही त्याचा इशारा कुणाला आणि कसला?

मी पुढची पानं चाळली. प्रत्येक वाद्याला तोच इशारा दिलेला. त्रेचाळीस माणसांनी वाट बघायची, ती कुणाचीच नाही अशा आवाजाची.

मी दार वाजवलं. हेर नेस बाहेर आले, बोटं शाईने काळी. मी विचारलं की या बारीक स्वरांवर कोणाचं नाव घालू.

"नाव नको," ते म्हणाले. "आहे तसंच लिहा, फ्राउ बुर्गी. तुमचं अक्षर फार स्वच्छ आहे."

मला राग आला. का ते तेव्हा कळलं नाही. कामाला नावं ठेवली नव्हती त्यांनी, उलट कौतुकच केलं होतं. पण बोलताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून, आमच्या उघड्या दारातून आत, टोपलीकडे होती.

दुपारी ओथमार जेवायला आला. मी म्हटलं, हे जरा फुंकून दाखव. त्याने हॉर्नचं नुसतं तोंड ओठाला लावलं आणि ते बारीक स्वर वाजवले. एक चढता सूर, मध्ये अडकलेला श्वास, मग घसरत खाली.

श्टेफी भुकेची रडते तशीच. हुबेहूब. आईला असलं सांगावं लागत नाही, माझं अंगावरचं दूध आपोआप वाहायला लागलं.

ओथमार म्हणाला, भिंत पातळ आहे, त्याने ऐकलं असेल आणि लिहिलं असेल. रचनाकार लोक पाखरांचे आवाज नाही का लिहीत. माझं डोकंही तेच म्हणत होतं. मी मान डोलावली आणि श्टेफीकडे वळले, कारण तिची दुधाची वेळ टळून अर्धा तास झाला होता.

ती टोपलीत लालबुंद होऊन रडत होती. तोंड उघडं, मुठी वळलेल्या, गालांवरून पाणी. आवाज नव्हता.

३

डॉक्टरने चमच्याने जीभ दाबून आत पाहिलं. घसा छान, गुलाबी आहे म्हणाला. सर्दी असेल, बसला असेल, येईल.

आला नाही. उलट एकेक जात गेलं. आधी भुकेचं रडणं. मग झोपेत करते ती कुरकुर. मग आंघोळीच्या वेळचं किंचाळणं. जे जे गेलं ते मला चारआठ दिवसांत मोठ्या वहीत सापडायचं, बारीक ठिपक्यांत, नावाशिवाय. आणि ते मी उतरवायची. माझ्या स्वच्छ अक्षरात, त्रेचाळीस वेळा.

इथे मला विचारतील की मग हात का थांबवला नाहीस. मी स्वतःला रोज विचारते. मी म्हणायची, बुर्गी, तू झोपेविना आहेस. पहिलटकरणींच्या डोक्यात काहीबाही येतं, सासूबाई सांगायच्या. कागदावरच्या ठिपक्यांनी कुणाचा आवाज जात नाही. आणि ओथमारची जागा अजून कच्ची होती. रचनाकाराशी भांडलेल्या बाईच्या नवऱ्याला पुढच्या हंगामात कोण घेतो?

आमच्या मजल्यावर बोळात एकच नळ आहे, बाया तिथे भेटतात. घराची राखण करणारी फ्राउ वोत्रुबा एकदा बादली भरता भरता म्हणाली, "नशीब काढलंस गं. माझी पाचही कार्टी गाढवासारखी ओरडायची. तुझी म्हणजे बाहुली. काय पाजतेस तिला, आम्हालाही सांग."

मी म्हटलं की ती रडते, आवाज येत नाही.

"मग तर बक्षीसच लागलं तुला," ती म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

भरलेली बादली माझ्या हातून तिथेच तिच्या पायावर पालथी झाली, मुद्दाम नव्हे. पाणी तिच्या चपलांत गेलं. तेव्हापासून ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही. बरंच झालं.

४

एका सकाळी उतरवलेली पानं द्यायला गेले तर हेर नेस खोलीत नव्हते. दार लोटलेलं होतं. पानं ठेवायला मी आत गेले. मी तिथे शोधायला गेले नव्हते, पण मांडणी उघडी होती आणि तिच्यात जुन्या रचनांचे गठ्ठे दोऱ्याने बांधून ठेवले होते.

सगळ्यात वरच्या गठ्ठ्यावर लिहिलं होतं, लाइपझिग, छोट्या क्लाराला अर्पण. त्याखाली अॅमस्टरडॅम, छोट्या पीटला. मग प्राग, छोट्या बोझेनाला. बुडापेस्ट, छोट्या इलोनाला. त्याच्याबद्दल वर्तमानपत्रात नेहमी येतं, की याच्या संगीतात काहीतरी आहे, नेमकं सांगता येत नाही, पण सभागृहातल्या बायका रडतात.

मी दोरा सोडला. पहिल्यांदा पाहिलं ते अक्षर, माझा हात तिकडेच जातो. प्रत्येक गावी वेगळं अक्षर होतं. बाईचं अक्षर कळतं. आणि प्रत्येक गठ्ठ्यात नावाशिवायचे बारीक स्वर. सुरुवातीला नीटस. पुढे पुढे शाई जाड होत गेलेली. बोझेनाच्या गठ्ठ्यात तर टाक इतका दाबला होता की बारीक स्वरांच्या जागी कागदाला भोकं पडली होती. त्या बाईला मी ओळखत नाही, पण तो दाब मी ओळखला. माझ्याही मधल्या बोटाला तसाच घट्टा पडला होता.

आणि प्रत्येक गठ्ठ्यातलं शेवटचं पान वेगळ्या अक्षरात होतं. तिरक्या, लांब शेपटांच्या. हेर नेस यांच्या.

म्हणजे चौघींनीही हात थांबवला होता. आणि काही उपयोग झाला नव्हता. त्याने ते पान स्वतः लिहून काढलं होतं.

"क्लाराची आई तुमच्यासारखीच बारीक होती," मागून आवाज आला.

हेर नेस दारात उभे होते, कोट अजून अंगावर. रागावले नव्हते. त्यांनी माझ्या हातातला गठ्ठा घेतला आणि दोरा नीट बांधला, पोराची कुंची बांधावी तसा. मी विचारलं की क्लारा आता कशी आहे. तेव्हा ते बोलले, खिडकीकडे बघत, आमच्या भाषेतले शब्द एकेक उचलून मांडल्यासारखे.

"एकोणीस वर्षांत माझ्या भाषेत माझ्याशी कुणी बोललं नाही. परमुलखात माणसाचा आवाज मरतो, फ्राउ बुर्गी. मग कुठून तरी घ्यावा लागतो. लहान मुलांचा कुठल्याच देशाचा नसतो."

"माझ्या पोरीचा माझ्या घरचा आहे," मी म्हटलं.

ते हसले. "तुम्हाला झोप मिळते ना आता?"

बाईमाणसाने हात उचलू नये म्हणतात. माझा उचलला गेला होता. पण खाली टेबलावर वहीची पुढची पानं होती, ओली, आणि मला त्यांत ठिपके दिसत होते, आणि मला भीती वाटली की पान फाटलं तर त्यात जे आहे तेही फाटेल.

५

पहिली तालीम मंगळवारी सकाळी दहाला होती. शेवटचं पान अजून लिहून व्हायचं होतं, बाकी सगळं दिलेलं. मी घरी श्टेफीला मांडीवर घेऊन बसले. सवा दहाच्या सुमारास ती एकदम हसली. तोंड उघडून, हिरड्या दाखवून, पोट हलवून. मी तिच्या ओठांना कान लावला. नुसता श्वास होता, कोमट.

ओथमार जेवायला आला तो सूप ढवळत बसला. मी विचारलं तसा म्हणाला, बरं झालं, चांगली रचना आहे. मग चमचा ठेवला.

"मी खण मोजत होतो. सत्तावन्न, अठ्ठावन्न. आणि इशारा आला."

"कुणी वाजवला?"

"कुणी नाही." तो कपाळ चोळत होता. "मागच्या रिकाम्या खुर्च्यांतून आला. हसली ती, बुर्गी. टोपलीत हसते तशी. सगळ्यांनी ऐकलं. पहिला हॉर्न म्हणाला, कुणी पोर आणलंय का रे इथे. आणि मग आम्ही सगळे वेळेवर आत शिरलो, एकही चुकला नाही. इतके वेळेवर आम्ही कधीच शिरत नाही."

मी म्हटलं, तू उठलास का? त्याची संचालनाची काठी हातातून हिसकावलीस का?

त्याने पुन्हा चमचा उचलला.

"वाजवलंस," मी म्हटलं. "तुझी पोर हसली आणि तू तिच्यावर हॉर्न वाजवलास."

तो वाईट नाही. गप्प बसून मोजायची त्याला सवय लागली आहे. पण त्या दिवशी मी त्याची थाळी उचलून मोरीत ठेवली, अर्धी भरलेली.

६

शेवटचं पान शुक्रवारी आलं. हेर नेस ते स्वतः घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. त्यांच्या दुसऱ्या हातात कोऱ्या कागदांची चळत होती आणि खिशात दौत. मी नाही म्हणेन याची तयारी करूनच आले होते.

पान जवळजवळ रिकामं होतं. सगळ्या वाद्यांना विराम. फक्त मध्यावर बारीक स्वर, दोनच, आणि पहिल्यांदाच त्यांच्याखाली अक्षरं, गाण्याखाली घालतात तशी.

मा. मा.

श्टेफीने ते अजून म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. ती म्हणणार होती, आज नाही तर महिन्याने, टोपलीच्या कडेला धरून, माझ्याकडे बघत. ते या माणसाने आधीच काढून ठेवलं होतं. जे अजून तिच्या तोंडात आलंही नव्हतं ते.

मला वाटलं होतं मी ओरडेन. पण राग एका मर्यादेच्या पुढे गेला की थंड होतो, हात अगदी स्थिर होतात. मी म्हटलं, "कागद राहू द्या तुमचे. मी लिहिते."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "इतक्या जणींत कुणीच..." म्हणाले आणि थांबले. मग वाकून नमस्कार केला. भिंतीपलीकडे गेले आणि गुणगुणायला लागले. दोन सूर खाली, एक वर, खाकरणं.

मी चुलीवरचं कात्रण काढलं. धुराने पिवळं झालं होतं, पण ठिपके स्पष्ट होते. आठ वर्षं हे काम करत होते, कुणाचा एक ठिपका हलवला नव्हता. त्या दुपारी त्रेचाळीस पानांवर मी ते दोन स्वर लिहिले नाहीत. त्यांच्या जागी तीन लिहिले, आणि खाकरण्याचा फुली घातलेला ठिपका. बारीक. नावाशिवाय. खाली अक्षरं घातली नाहीत. माझं अक्षर इतकं सुंदर कधीच आलं नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी पानं तपासली. माझ्यासमोर उभं राहून. विराम मोजले, वळणं बघितली. बारीक स्वरांवरून त्यांची नजर सरकत गेली, सगळ्यांची सरकते तशी.

७

रविवारी साडेबाराला मी वर, उभं राहायच्या जागेत, कठड्याशी होते. श्टेफी शालीत. खाली बायकांनी आधीच रुमाल काढून ठेवले होते.

मी ते सगळं ऐकलं. भुकेचं रडणं, कुरकुर, आंघोळीचं किंचाळणं, हसणं. माझ्या पोरीचं दहा महिन्यांचं सगळं, छताखाली फिरत, कुणी वाजवत नसताना. प्रत्येक वेळी माझ्या हाताखाली तिची छाती हलायची. खाली लोक डोळे पुसत होते. एकेकीच्या रुमालावर थुंकावंसं वाटत होतं मला.

मग शेवटचं पान आलं. त्रेचाळीस जणांनी वाद्यं खाली ठेवली. हेर नेस यांनी काठी वर धरली आणि डोळे मिटले.

दोन सूर खाली. एक वर. पुरुषाचा आवाज, जाडसर, तोंड मिटलेला, मागच्या खुर्च्यांतून. मग कुणीतरी घसा खाकरला.

त्यांनी डोळे उघडले. काठी तशीच होती. टाळ्या सुरू झाल्या, आणि रीत आहे म्हणून ते लोकांकडे वळले, चार शब्द बोलायला. तोंड उघडलं. मला वरून त्यांची जीभ हलताना दिसत होती, दात दिसत होते. लोकांना वाटलं की गहिवरले. टाळ्या वाढल्या.

ते मला शोधत नव्हते. गर्दीतून त्यांची नजर सरळ वर आली, शालीवर. आणि शालीतून श्टेफीने मान बाहेर काढून खाली पाहिलं. ती त्यांच्याकडे कशी बघत होती ते मला सांगता येणार नाही. दहा महिन्यांचं पोर ओळखीच्या माणसाकडे बघतं तसं नव्हतं ते. माणूस आरशात बघतो तसं होतं.

मग ती रडली. मोठ्याने, फाटक्या गळ्याने, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी. खालच्या बायका नापसंतीने वर बघायला लागल्या. मी तिला गप्प केलं नाही.

८

हेर नेस आठवड्याने गेले. फ्राउ वोत्रुबाने नळावर सांगितलं की पाटीवर लिहून खोली सोडली, बिचाऱ्याच्या घशाला काहीतरी झालं, एवढा मोठा माणूस. मी म्हटलं, बादली भरली असेल तर सरका.

ओथमार आता माझ्याशी जपून बोलतो. नकलांचं काम मी सोडलं. मी धुणी घेते. श्टेफी रडते, किंचाळते, हसते. शेजारचे भिंत ठोकतात. ठोकू देत.

एवढ्यावर मी थांबले असते. पण काल सकाळी मी कणकेचे गोळे वळत होते आणि ती टोपलीच्या कडेला धरून उभी राहिली होती, पहिल्यांदाच. मागून मला गुणगुण ऐकू आली. दोन सूर खाली, एक वर. मी भिंतीकडे पाहिलं. ती खोली अजून रिकामीच आहे.

मी वळले. ती माझ्याकडेच बघत होती, हसत, हिरडीतून दोन दात वर आलेले. तिने बारीकसा घसा खाकरला. आणि मला हाक मारली.

आमच्या घरातला शब्द नव्हता तो. ओथमारच्या घरचा नाही, माझ्या माहेरचाही नाही. या शहरातच नाही. पण हाक होती, आणि मलाच होती. त्या माणसाचं काही नको होतं मला, माझं तेवढं हवं होतं. कुणाला सांगू? ती थांबली, मी बघते का ते बघितलं आणि पुन्हा तोच शब्द म्हणाली, जरा मोठ्याने, एकोणीस वर्षं कुणी उत्तर न दिलेल्या माणसाने म्हणावा तसा.

मी हातातली कणीक ठेवली. ओ दिली.